शाई नसलेल्या पत्रांचा तपास

दस्तऐवज खरा की बनावट हे ठरवावयाचे झाल्यास जुना हस्ताक्षरतज्ज्ञ शाईचा रंग, कागदाचा पोत आणि अक्षरांचे वळण न्याहाळीत असे. परंतु ज्या पत्राला शाई नाही, कागद नाही आणि सहीही नाही, ते मुळात आले कोठून याचा छडा कसा लावावा, हा प्रश्न नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाने उपस्थित केला आहे. भीमा-कोरेगाव हिंसाचाराच्या प्रकरणात जून २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्यांना अटक केली आणि जप्त संगणकातील पत्रे त्यांच्याविरुद्ध पुराव्यात दाखल झाली. पुढे हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडे तपासणीस गेली.

तिच्या २०२१ च्या अहवालानुसार, फेब्रुवारी २०१६ मध्ये ईमेलमधून शिरलेला ‘नेटवायर’ हा मालवेअर सुमारे वीस महिने गडलिंग यांच्या संगणकात ठाण मांडून होता, आणि दूर बसलेल्या कोणा इसमाने त्याच्या साहाय्याने किमान १४ पत्रे लपविलेल्या फोल्डरात आणून ठेवली. ती त्या संगणकावर कधी उघडली गेल्याचा मागमूस नाही.

संगणक हा मोठा चिकट कारकून आहे. कोणती फाइल केव्हा निर्माण झाली, त्या वेळी कोणता प्रोग्राम चालू होता, याची टिपणे तो मालकास न विचारता आपल्या दप्तरी ठेवतो, आणि पुसलेली नोंदही तिच्या जागी दुसरी येईपर्यंत डिस्कवर पडून असते. याच प्रकरणातील दुसरे आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात वर्ड २००७ होते, तर त्यात सापडलेल्या काही पीडीएफ फाइली वर्डच्या २०१० किंवा २०१३ या आवृत्तीतून निघालेल्या होत्या. एवढ्याशा विसंगतीवरही संशोधकाची नजर खिळते. गडलिंग आणि विल्सन या दोघांच्या संगणकांतील हल्लेखोर एकच, असा आर्सेनलचा निष्कर्ष आहे.

२०२२ मध्ये ‘सेंटिनेलवन’च्या संशोधकांनी या हल्लेखोर टोळीस ‘मॉडिफाइड एलिफंट’ हे नाव दिले आणि ती किमान २०१२ पासून सक्रिय असल्याचे दाखविले. तिची हत्यारे मात्र अगदीच मामुली: बाजारात विकत मिळणारा मालवेअर, आणि मायक्रोसॉफ्टने केव्हाच दुरुस्त केलेल्या ऑफिसमधील जुन्या त्रुटी. अपडेट उद्यावर ढकलणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

पत्र कोणत्या वाटेने आले हे संशोधक सांगू शकतो. ते कोणी धाडले, हे आर्सेनलच्या अहवालात नाही. हा अहवाल आरोपपत्राचा भाग नसल्याने त्यावर विसंबता येणार नाही, अशी हरकत राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) उच्च न्यायालयात नोंदविली. ती हरकत तांत्रिकदृष्ट्या योग्य असेलही. पण हार्ड डिस्क ज्याअर्थी पुरावा आहे, त्याअर्थी तिच्यातील मालवेअरही पुरावाच आहे, आणि त्याविषयी तज्ज्ञांची उलटतपासणी भर न्यायालयात व्हावयास हवी.