आत्याबाईंच्या ओव्या

आमच्या किन्हीराजाच्या घरीं माळ्यावर यंदा एक कॅसेट सांपडली. १९८८ सालीं धाकट्या बहिणीच्या लग्नांत हळद दळतांना आत्याबाईंनीं म्हटलेल्या ओव्या तींत आहेत. हेमा राईरकर व गी पॉत्वँ यांनीं जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. परंतु आत्याबाईंच्या आवाजास हा एकच आधार.

पुतण्यानें ती संगणकावर उतरविण्याचें मनावर घेतलें. प्रथम फीत एकवार पुढें-मागें फिरवून मोकळी केली, हेड स्पिरिटानें पुसलें, मग टेपरेकॉर्डरची तार संगणकास जोडली. येथें घाईस वाव नाहीं. साठ मिनिटांची कॅसेट उतरावयास साठच मिनिटें लागतात. तोंवर संगणक सेकंदास ४४,१०० वेळां आवाजाचें माप टिपीत असतो.

खरा प्रश्न पुढेंच उपस्थित झाला. खरखर काढतां काढतां जात्याची घरघरहि नाहींशी झाली, आणि आत्याबाई जणूं परक्या घरांत गात आहेत असें वाटूं लागलें. सूनबाई म्हणाल्या, "काका, ह्यांना जातें परत आणायला सांगा!" पहिली नक्कल जशीच्या तशी राखली होती, म्हणून तें साधलें.

शेवटची ओवी मात्र अर्धीच आहे. कॅसेटच्या पाठीवरील चिमुकली पट्टी मोडून टाकावयाची राहिली होती. तेथून पुढें कोणीं तरी क्रिकेटचें धावतें वर्णन भरून ठेवलें आहे.