नवा लॅपटॉप, सर्व्हिस सेंटरची तिसरी फेरी: आता दुरुस्ती की बदली?

आज जरा कटकटीचा विषय घेतलाय. नवाकोरा लॅपटॉप, ईएमआयचे निम्मे हप्तेसुद्धा गेलेले नाहीत, आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू. आधी स्क्रीन लुकलुकायला लागली, पॅनेल बदललं. मग चार्जिंग बंद, मदरबोर्ड बदलला. आता चालता चालता मध्येच बंद पडतो. आणि काउंटरवरचा माणूस शांतपणे सांगतो, "सर, आधीचा कॉल तर क्लोज झालाय. हा नवीन प्रॉब्लेम आहे."

खरी गोम या वाक्यात आहे. त्याच्या सिस्टिमला तीन वेगळ्या आणि व्यवस्थित मिटलेल्या तक्रारी दिसतात. तुम्हाला दिसतो एकच लॅपटॉप, जो कधी सलग महिनाभर धड चाललाच नाही. तो खोटं बोलत नाहीये. पण कस्टमर केअर असो, कंपनीचं ऑफिस असो किंवा वेळ आलीच तर ग्राहक आयोग, सगळे कागदावर जे आहे तेच वाचणार. त्या तीन तक्रारी एका दोऱ्यात ओवून दाखवायचं काम आपलंच असतं. ते कसं करायचं, तेच आज बोलू.

आधी थोडं इंजिनिअरिंग. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडाचा एक प्रसिद्ध आलेख आहे, बाथटब कर्व्ह. बाथटब बाजूने पाहिला तर कसा दिसतो? सुरुवातीला उंच कड, मग लांब सपाट तळ, शेवटी पुन्हा कड. नव्या मालात सुरुवातीलाच थोडे जास्त बिघाड होतात, कारण एखादा सोल्डर जॉइंट कच्चा राहिलेला असतो, एखादा कनेक्टर नीट बसलेला नसतो. त्यामुळे पहिल्या बिघाडाने हादरून जायचं कारण नाही. एकदा दुरुस्त झाला की पुढे वर्षानुवर्षं चालतो, असं बऱ्याचदा होतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बिघाडाला मात्र वेगळा विचार हवा. कधी दुरुस्तीच नवा बिघाड घेऊन येते. स्क्रीनची पातळ केबल बिजागरीतून जाते. लॅपटॉप उघडताना ती किंचित सैल राहिली, तर पंधरा दिवसांनी स्क्रीन पुन्हा नाचणार. शिवाय वॉरंटीत बसवलेला पार्ट कोरा असेलच असं नाही. दुरुस्त करून तपासलेला पार्ट बसवण्याची मुभा बऱ्याच कंपन्या वॉरंटीच्या बारीक अक्षरात ठेवतात. कधी मूळ दोष सापडलेलाच नसतो. पत्रा गळतोय आणि आपण खालची बादली बदलतोय, असा प्रकार.

आणि कधी दोष डिझाइनमध्येच असतो. ॲपलचा बटरफ्लाय कीबोर्ड आठवतोय? २०१५ च्या मॅकबुकमध्ये आला. धुळीच्या कणाने की अडकायच्या, एक अक्षर दोनदा उमटायचं. २०१८ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना काढली, पण लोकांची तक्रार अशी की बदलून मिळालेला कीबोर्डही त्याच जातीचा. अमेरिकेतला खटला २०२२ मध्ये ५ कोटी डॉलर देऊन मिटवावा लागला. म्हणून तुमच्या मॉडेलचं नाव आणि बिघाड एकत्र सर्च करून बघा. तोच रडगाणं गाणारे आणखी पन्नास जण सापडले, तर तोच पार्ट चौथ्यांदा बदलून काय साधणार?

एक शक्यता घरातली पण आहे. लॅपटॉपच्या मेटल बॉडीला हात लावला की मुंग्या येतात का? तीन पिनांचा ॲडॅप्टर असेल तर बहुतेक वेळा तो अर्थिंग नसलेल्या सॉकेटचा इशारा असतो. भाड्याच्या खोल्यांमध्ये हे सर्रास असतं. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. म्हणजे "तुमच्या घरच्या लाइटमुळे झालं" हे उत्तर आधीच निकालात निघतं.

आता सगळ्यात छळणारा प्रकार: मध्येच येणारा बिघाड. घरी दिवसातून तीनदा बंद पडतो, सेंटरमध्ये मात्र शहाण्या मुलासारखा चालतो. यामागे कारण आहे. गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतो आणि कच्चा जॉइंट तेव्हा सुटतो. तिथे टेबलावर थंड मशीनवर थोडा वेळ टेस्ट चालते आणि शेरा पडतो, दोष आढळला नाही. मग सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून बघा."

यावर माझा आवडता उपाय. पेन ड्राइव्हवर उबुंटू टाका आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच लॅपटॉप चालवा. तिथेही अडकला किंवा बंद पडला, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ राहत नाही. रॅमवर संशय असेल तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. तोही पेन ड्राइव्हवरून चालतो. त्यात एरर आले तर स्क्रीनचा फोटो काढा. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाची एक दुर्लक्षित चीज आहे. कोणत्या तारखेला मशीन अचानक बंद पडलं, याचा दिवसवार तक्ता देते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल पॉवर ४१' दिसलं तर लगेच उड्या मारू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, एवढंच ते सांगतं. कारण सांगत नाही. पण तारीख आणि वेळ तर मिळाली! आणि फोन हातातच असतो, व्हिडिओ काढा. स्क्रीनवरचं घड्याळ फ्रेममध्ये येऊ द्या.

जमा करण्याआधी बॅकअप घ्या, हे सांगायला नको. जे कोणी सांगत नाही ते असं: विंडोजच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. मदरबोर्ड बदलला की त्यावरची सुरक्षा चिप बदलते आणि सुरू करताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधीच उतरवून ठेवा. परीक्षेच्या किंवा रिलीजच्या आदल्या रात्री ती शोधायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

आता जॉब शीट. 'नॉट वर्किंग' एवढंच लिहून घेत असतील तर सही करू नका. "चार्जिंगला असताना साधारण वीस मिनिटांनी बंद पडतो, आधीचे कॉल नंबर अमुक आणि तमुक" असं लिहायला लावा. जुने नंबर नव्या शीटवर आले की दोरा जुळला. परत घेताना कोणता पार्ट बदलला ते लेखी घ्या. बोर्ड बदलला असेल तर बायोसमधला सीरियल नंबर बिलाशी जुळतो का बघा, नाहीतर पुढच्या वेळी वॉरंटीच सापडायची नाही.

मग दुरुस्ती किती वेळा सहन करायची? "तीन वेळा झालं की बदलून मिळतो" असं काउंटरवर ऐकायला मिळतं. तो झाला त्या कंपनीचा अंतर्गत नियम. आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये असा आकडा नाही. दोष दूर करणं, नवी वस्तू देणं किंवा पैसे परत करणं, यांपैकी काहीही आयोग सांगू शकतो. म्हणजे तीनची वाट बघायचं बंधन तुमच्यावर नाही, आणि तीन झाले म्हणून आपोआप काही मिळेल असंही नाही. माझं मत विचाराल तर तोच बिघाड दुसऱ्यांदा आला, किंवा पहिल्या काही महिन्यांत दोन मोठे पार्ट बदलले गेले, की मागणी बदलायची. "दुरुस्त करून द्या" लिहायचं नाही. "बदलून द्या किंवा पैसे परत करा" असं ईमेलवर लिहायचं, तारखांचा तक्ता जोडून, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत देऊन. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी ते कुठे उरत नाही.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फोन मोफत. इथे तडजोडीचा प्रयत्न होतो, आदेश निघत नाही. तरीही कंपनीतला वरचा माणूस जागा व्हायला तेवढं कधी कधी पुरतं.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते. लॅपटॉप बंगळुरूच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतला आणि तुम्ही राहता साताऱ्यात, तर साताऱ्यातच दाखल करता येते. कायद्यात निकालाची मुदत साधारण ३ महिने, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ही तयारी मनात ठेवा आणि तोवर कामासाठी दुसरी सोय बघा. दाखल करायला तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं असतात, म्हणून "बघू पुढच्या दिवाळीनंतर" करत बसू नका.

बिल, जॉब शीट, ईमेल, व्हिडिओ, सगळं एका फोल्डरमध्ये टाका. आणि तो फोल्डर त्याच लॅपटॉपवर ठेवू नका, प्लीज.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.