मधुमेह आणि मुलांची वाढ

टोरांटो येथें १९२२ च्या जानेवारींत लिओनार्ड थॉम्पसन नांवाच्या १४ वर्षांच्या मधुमेही मुलास इन्शुलिन टोचण्यांत आलें, आणि जीं मुलें पूर्वीं हटकून दगावत तीं जगूं लागलीं. परंतु लवकरच एक नवें कोडें पुढें आलें. ज्यांचा रोग नीट आटोक्यांत नसे, अशा कांहीं मुलांची उंची खुंटे, यकृत वाढे व वयांत येण्यासही विलंब लागे. मोरियाक या फ्रेंच वैद्यानें १९३० सालीं हें नमूद केलें.

याचें कारण पुढें हळूहळू उलगडलें. मेंदूच्या तळाशीं असणारी पिट्युइटरी ग्रंथि वृद्धीचा स्राव रक्तांत सोडते. त्याच्या आज्ञेवरून यकृत एक प्रथिन बनवितें व त्यानें हाडें वाढतात. १९७८ सालीं या प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली. इन्शुलिनांत ५१ अमिनो आम्लें, तर यांत ७०. पण दोहोंची ठेवण भावंडांसारखी. म्हणून यास इन्शुलिनसदृश वृद्धिघटक म्हणतात.

हा घटक रक्तांत मोकळा फारच थोडा असतो. ६ बंधक प्रथिनें त्यास धरून ठेवतात. त्यांपैकीं तिसरें हें जणूं कोठार. बहुतेक सांठा त्याच्यापाशीं असतो. पहिल्यावर मात्र इन्शुलिनाचा अंमल चालतो. जेवणानंतर इन्शुलिन वाढलें कीं हें बंधक घटतें. उपवासांत तें वाढतें. घरांत धान्य असेल तरच बांधकाम काढावें, असा हा शहाणा संसार आहे.

मधुमेहांत रक्तांत साखर विपुल असते. पण इन्शुलिनावांचून यकृतास दुष्काळच भासतो. तें वृद्धिघटक कमी बनवितें आणि बंधक अधिक. वृद्धिघटक उणा पडला कीं पिट्युइटरीवरील दाब सुटतो. तिचा स्राव वाढतो, तो इन्शुलिनाचा जोर मोडतो व साखर आणखी चढते. शिवाय स्वादुपिंडांतील इन्शुलिन प्रथम यकृतास पोंचतें. कातडीखालीं टोचलेलें मात्र सर्व रक्तांत मिसळून, पातळ होऊन तेथें जातें.

वयांत येतांना हा स्राव स्वभावतःच वाढतो. म्हणून त्या वर्षांत इन्शुलिनाची मात्रा वाढवावी लागली, तर मुलानें चोरून गोड खाल्लें असा संशय घेणें अन्यायाचें होय. वैद्याच्या सल्ल्यानें पुरेशी मात्रा द्यावी, ती चुकवूं नये, आणि साखरेच्या नोंदीबरोबर मुलाच्या उंचीचीही नोंद ठेवावी. ती रेघ वर सरकत राहिली, तर उपचार यकृतापर्यंत पोंचत असल्याची ती एक चांगली खूण होय.