काळा गणवेश, गुलाबी किनार
छायाचित्रांतलं दुसरं महायुद्ध : लेखांक ६

फ्रान्स, मे १९४०. उघड्या चिलखती गाडीत जनरल हाइन्झ गुडेरिअन उभा आहे. खाली संदेशवहनाचे जवान बसलेत आणि चौकटीच्या अगदी पुढच्या भागात एनिग्मा हे सांकेतिक यंत्र दिसतं. एरिश बोर्शर्टने टिपलेलं हे छायाचित्र महायुद्धावरच्या कितीतरी पुस्तकांत भेटतं. जर्मन रणगाडा दल उभारणाऱ्यांत गुडेरिअनचं नाव पहिलं घेतलं जातं, तरी त्या दलाचा प्रसिद्ध काळा गणवेश इथे त्याच्या अंगावर नाही. जनरलांचा नेहमीचा पोशाख करड्या-हिरव्या रंगाचा असे. कॉलरवर लाल पट्टी आणि तिच्यावर सोनेरी भरतकाम, मग अधिकारी मूळचा कोणत्याही दलातला असो.

काळा गणवेश नोव्हेंबर १९३४मध्ये आला, तो प्रत्यक्ष रणगाड्यात बसणाऱ्यांसाठी. काळ्यावर तेल-वंगणाचे डाग दिसत नाहीत. कोट आखूड होता आणि त्याला बाहेरून खिसे नव्हते, कारण अरुंद झडपेतून चढता-उतरताना काही अडकून चालत नाही. पेटलेल्या रणगाड्यातून बाहेर पडायला काही क्षणच मिळतात. या कोटाच्या कॉलरवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्टीवर पांढऱ्या धातूची कवटी असे. ती आली अठराव्या शतकातल्या प्रशियन हुसार घोडदळाकडून. नव्या दलाला जुन्या घोडदळाचा वारसा मिरवायचा होता.

नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते. कवटी दिसली की माणूस एसएसचा, असं अनेक जण ठरवून टाकतात. एसएसची कवटी टोपीवर असे, आणि त्यांच्याही रणगाडा तुकड्या काळ्याच गणवेशात वावरत. म्हणून मी आधी गरुड शोधतो. लष्कराचा गरुड छातीवर उजवीकडे असतो, एसएसचा डाव्या दंडावर. एसएसच्या बहुतेक तुकड्यांत कॉलरच्या उजव्या पट्टीवर विजेसारख्या दोन रून खुणा आणि डावीवर हुद्दा असतो. लष्करी अधिकाऱ्याचा हुद्दा मात्र खांद्यावर वाचावा लागतो. चंदेरी पट्टी सरळ आणि बिनताऱ्याची असेल तर लेफ्टनंट. एक सोनेरी तारा असेल तर ओबरलेफ्टनंट, दोन असतील तर हाउप्टमान, म्हणजे कॅप्टन. पट्टी वेणीसारखी गुंफलेली असेल तर मेजर किंवा त्याच्या वरचा.

पट्टीच्या कडेने दिसणारी किनार दलाचा रंग सांगते. रणगाड्यांची गुलाबी, तोफखान्याची लाल, पायदळाची पांढरी, घोडदळाची सोनेरी पिवळी. कृष्णधवल छायाचित्रात मात्र हे रंग करड्याच्या छटा होऊन बसतात, आणि लाल रंगाला आंधळी असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरली असेल तर लाल जवळपास काळाच उमटतो. त्यामुळे केवळ किनारीवरून दल ओळखणं धोक्याचं. हल्ली संगणकावर रंगवलेली चित्रं सर्वत्र फिरतात. त्यातली गुलाबी किनार हा रंगवणाऱ्याचा अंदाज असतो. त्याला पुरावा मानू नये, असं मला ठामपणे वाटतं.

छातीवरचे बिल्ले तारीख ठरवायला मदत करतात. रणगाडा-युद्धाचा चंदेरी बिल्ला डिसेंबर १९३९मध्ये सुरू झाला. त्याच्या तळाशी २५, ५० असा आकडा दिसला तर छायाचित्र जून १९४३च्या आधीचं असू शकत नाही, कारण आकड्यांचे बिल्ले तेव्हापासूनचे. गळ्यातल्या नाइट्स क्रॉसवर ओकची पानं असतील तर जून १९४० नंतरचं. लष्करी गणवेशावर गरुड डावीकडे आणि आयर्न क्रॉस उजवीकडे दिसला, तर बहुधा निगेटिव्ह उलटी छापलेली असते. रणगाड्यावरचा आकडा दिसत असेल तर खात्री लगेच पटते.

यातली बरीचशी छायाचित्रं लष्कराच्या प्रचार तुकड्यांची, म्हणजे ‘पीके’ची. सेन्सॉरच्या हाताखालून गेल्याशिवाय ती छापली जात नसत. कोब्लेंझच्या जर्मन राष्ट्रीय अभिलेखागारात ती मोठ्या संख्येने आहेत, आणि २००८च्या डिसेंबरपासून अभिलेखागाराची ८० हजारांवर छायाचित्रं विकिमीडियावर कोणालाही पाहता येतात. बुरुजावर कोपर टेकवून हसणारे रुबाबदार तरुण आपल्याला दिसतात, कारण तेच दाखवायचे होते.

लष्कर की एसएस हा फरक ओळखायलाच हवा, पण त्यावरून निर्दोष आणि दोषी अशी वाटणी करता येत नाही. एरिश ह्योपनर लष्कराचा अधिकारी, गरुड छातीवर उजवीकडे. सोव्हिएत रशियावरच्या स्वारीत चौथा रणगाडा गट त्याच्या हाताखाली होता. मे १९४१च्या आदेशात त्याने ही लढाई ‘ज्यू बोल्शेविझम’विरुद्ध अत्यंत निर्दयपणे लढायला सांगितलं. हाच ह्योपनर पुढे हिटलरविरोधी कटात सापडला आणि ऑगस्ट १९४४मध्ये फासावर गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नाझी स्वस्तिक पायात धरलेला गरुड लष्कराच्या गणवेशावर आला फेब्रुवारी १९३४च्या आदेशाने, आणि काळा गणवेश त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. स्वस्तिकाशिवायचा काळा गणवेश जर्मन रणगाडा दलाने कधी घातलाच नाही.

पुढच्या लेखांकात याच छायाचित्रांखालच्या मूळ ओळी पाहू : त्या कोणी लिहिल्या, आणि अभिलेखागाराला त्यांतल्या कित्येकींखाली इशारा का द्यावा लागतो.