बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा खोकला

जानेवारीतला मंगळवार, सकाळचे साडेआठ. एरंडोल-धरणगाव रस्त्यावरच्या एका जिनिंगच्या आवारात कापसाने ठासून भरलेल्या ट्रॉल्या लागल्या आहेत. काल गावचा बाजार, म्हणून जिन बंद होती. आता पट्टे फिरू लागतात, रेचे खडखडतात आणि पाव तासात पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसायला लागते. पांढऱ्या कापसाची ही धूळ करडी आहे.

मी दाराशीच उभा. टाळूच्या मागे, नख पोचणार नाही अशा जागी खाज सुटते. खाकरतो, थुंकी गिळतो, पण खवखव हलत नाही. मग खोकला येतो, कोरडा, आणि एकदा सुरू झाला की थांबत नाही.

"तुमले सवय नही, भाऊ. गूळ खाई ल्या." ढिगावर बसून कवडी आणि काडीकचरा निवडणारी मावशी पदराच्या गाठीतून खडा काढून देते. तिच्या स्वतःच्या बोलण्यात दर चार शब्दांना एक ठसका आहे. गुळाने धूळ पोटात उतरते, असा इथे सगळ्यांचा विश्वास. खडा चघळला की लाळ सुटते, घसा ओला होतो, मला खरंच बरं वाटतं. पण गूळ जातो तो अन्ननलिकेच्या वाटेने, श्वासनळीत गेलेल्या धुळीपर्यंत तो पोचत नाही.

रुई तशी निर्दोष. खोड्या करतो तो बोंडाच्या बुडाशी असलेला पाला. वाळून त्याचा भुगा होतो, त्यावर वाढलेल्या जिवाणूंचं विष त्या भुग्याबरोबर छातीत जातं आणि श्वासनळ्या आवळतात. यात जंतुसंसर्ग नसतो. त्यामुळे गावात सर्रास मिळणाऱ्या प्रतिजैविकाच्या पाकिटाचा इथे काहीच उपयोग नाही.

रेच्यात कापूस टाकणारा तिशीतला गडी दुपारच्या सुट्टीत भिंतीला टेकून बसला आहे, खांदे वर उचलून. "छाती बांधी ठेयेल सारखी वाटस," तो म्हणतो. "सकाय कमी व्हई जाई. गुरुवारले तर काहीच नही."

मी सावरून बसतो. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत हेच दुखणं सोमवारचं म्हणून ओळखलं जाई: रविवारची सुट्टी झाली, की पहिल्या पाळीला छाती आवळायची. वैद्यक त्याला बिसिनोसिस म्हणतं. 1950च्या दशकात रिचर्ड शिलिंग या इंग्रज डॉक्टरांनी आजाराच्या पायऱ्याच वारावरून लावल्या: आधी कधीतरी सोमवारी, मग दर सोमवारी, मग आठवड्याच्या इतर दिवशीही, आणि शेवटी फुप्फुसाची ताकद कायमची जाते. इथे सुट्टी बाजाराच्या दिवशी, म्हणून पुस्तकातला सोमवार या गावात मंगळवारी येतो.

संध्याकाळी दवाखान्यात तिघांच्या शेजारी मीही बाकावर बसलो आहे. डॉक्टर छातीला नळी लावायच्या आधी प्रश्नच विचारतात.

"मावशी, सुट्टीच्या दिवशी कमी असतो का?"

नाही. घरीही येतो, रात्रीही येतो, घशात पीस फिरवल्यासारखा, दिवाळीपासून.

"बीपीची गोळी कधीपासून?"

मावशी पिशवीतून पाकीट काढते. डॉक्टर ते उलटंपालटं करून बघतात आणि हसतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी असा कोरडा, गुदगुल्या करणारा खोकला येतो. "मनाने बंद करू नका, बदलून देतो. जायला थोडे आठवडे लागतील. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे टीबीची तपासणी करायचीच. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत." दिवसभर मी कापसालाच दोष देत होतो. मावशीच्या बाबतीत तरी माझा अंदाज चुकलेला दिसतो.

गड्याला ते एका नळीत जोराने फुंकायला लावतात. काटा अर्ध्यावर अडतो. पंप लिहून देतात. जमलं तर धुळीपासून दूर, सरकीच्या पोत्यांकडे काम मागायला सांगतात, आणि तोंडाला रुमालाऐवजी दोन पट्ट्यांचा घट्ट मास्क.

"पंपाची सवय लागते म्हणतात."

"बिडीची लागली, ती चालते?"

तिसरे आबा. धुळ्याच्या एका कापडगिरणीत पिंजण खात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. गिरणी कधीच बंद पडली. ते ओठ मुरडून, शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात. नाव सांगतानाही मध्ये थांबावं लागतं. आडुळशाचा काढा ते रोज घेतात. ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध आडुळशातल्याच घटकावरून बनलं आहे, तेव्हा त्याने कफ सुटत असेलही. डॉक्टर काढ्याला नाही म्हणत नाहीत. आबांना ते वार मात्र विचारत नाहीत.

गडी ते बघत असतो. डॉक्टर त्याच्याकडे वळतात. "पुढच्या मंगळवारी कामावर जायच्या आधी इथे येऊन फुंकायचं, आणि पाळी सुटल्यावर पुन्हा. फरक किती पडतो ते कळेल."

तो मान खाली घालतो. बाजाराच्या सुट्टीत ट्रॉल्या तुंबतात, त्या सगळ्या सकाळी एकदम आत घेतात.

"मंगळवारले गाड्या जास्ती ऱ्हातस, डॉक्टरसाहेब. खाडा जमाव नही."