अल्बमची बांधणी : सुटेल अशी की फाटेल अशी?

दिवाळीची साफसफाई काढली की माळ्यावरून डबे-बरण्यांबरोबर फोटोंचे अल्बमही खाली येतात. मग झाडू बाजूला राहतो आणि सगळं घर सतरंजीवर बसून अल्बम उलगडू लागतं. ‘अगं, आत्या बघ किती बारीक होती!’ असं म्हणत तासभर कुठे जातो कळत नाही. तुमच्याकडेही असंच होत असेल, नाही का?

मागे आमच्याकडे घडलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माझ्या वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला त्यांचा एक फोटो मोठा करून लावावा, असं आईच्या मनात होतं. तिला हवा होता १९८६ सालच्या त्यांच्या लग्नातला. अण्णा मोकळेपणानं हसताहेत असा तो एकच फोटो. बाकी सगळ्यांत आपले शाळेच्या ग्रूप-फोटोसारखे ताठ उभे! तो अल्बम होता चिकट पानांचा. पुठ्ठ्यावर गोंदाच्या बारीक रेघा आणि वरून प्लॅस्टिकचा कागद. त्या काळी घरोघरी हेच अल्बम असत. मी कोपऱ्यात नख घातलं आणि ओढला की हो फोटो! वरचा पापुद्रा कपाळापासून डाव्या डोळ्यापर्यंत सोलून निघाला. आई रागावली नाही. नुसती उठून स्वयंपाकघरात गेली. तेच मला जास्त लागलं.

सासरी परतले तेव्हा सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी न बोलता स्वतःच्या लग्नाचा, १९७४ सालचा अल्बम काढला. जाड काळी पानं, मधे बटर पेपर, फोटोंच्या चारी टोकांना कागदी कॉर्नर आणि कण्याशी रेशमी दोरीची गाठ. “परकराची नाडी सोडतेस ना, तशी सोड,” त्या म्हणाल्या. दोरी सुटली, पान हातात आलं, फोटो कॉर्नरमधून अलगद निघाला आणि पुन्हा जागच्या जागी बसलासुद्धा. पन्नास वर्षांत एका फोटोला ओरखडा नाही!

मैत्रिणींनो, आपण साडी घेताना काठ बघतो, पदर बघतो, उलटी बाजूसुद्धा बघतो. अल्बम घेताना मात्र वरची मखमल आणि सोनेरी अक्षरं बघून पैसे मोजतो. त्याची पानं कशानं धरून ठेवली आहेत, हे कोण बघतं? म्हणून आईचे फोटो नव्या अल्बममध्ये लावायचं ठरवलं, तेव्हा आधी आमच्या शाळेची रजिस्टरं बांधणाऱ्या बाइंडरकाकांना गाठलं. त्यांच्याकडून शिकले ते असं :

डिंकाची बांधणी. पानांच्या कडा एकत्र करून कण्याशी नुसत्या डिंकानं चिकटवतात. कादंबरीला ठीक, पण अल्बमची पानं जाड, त्यावर फोटोंचं वजन. चार पाहुण्यांनी चार वेळा उलगडला की कणा तडकतो आणि पानं सुटी होतात. ही नकोच.

स्पायरल. स्वस्त आणि पान अगदी पाठीमागे वळवता येतं. मुलांच्या सहलीचे फोटो, चिकटवही यांना छान. पण भोकांच्या कडा फाटतात, तार वाकते, आणि कणाच नसल्यामुळे कपाटात उभ्या ठेवलेल्या अल्बमवर नावही लिहिता येत नाही.

शिवलेली बांधणी. घडीची पानं एकात एक घालून, घडीतून दोरा ओवून शिवतात; चांगल्या खतावण्या बांधतात तशी. मजबुतीला हिच्यासारखी दुसरी नाही. पण शिवून झाल्यावर नवं पान घालता येत नाही, म्हणून किती फोटो लावायचे ते आधी पक्कं हवं. कडेनं वरून टोचून शिवलेला अल्बम मात्र घेऊ नका. तो पूर्ण उघडतच नाही.

करिझ्मा. लग्नाचे फोटोग्राफर हल्ली देतात तो. फोटो थेट जाड पानावरच असतात आणि दोन्ही पानं सपाट उघडतात. दिसायला देखणा, पण त्यातला फोटो वेगळा काढता येत नाही. हा घेतलात तर फोटोंच्या मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.

दोरीची किंवा स्क्रूची बांधणी. पानांना कण्याच्या बाजूला भोकं पाडून दोरी ओवतात किंवा पितळी स्क्रू बसवतात. पान घालावं, काढावं, बदलावं. सगळं घरच्या घरी. उणीव एवढीच की कण्याकडची इंचभर जागा बांधणीत जाते आणि अल्बम अगदी सपाट पडत नाही. म्हणून तेवढी जागा सोडून पानाला आधीच घडीची खाच पाडून घ्यायची.

मी हीच शेवटची घेतली. घरातला अल्बम काही एकदाच भरून होत नाही. बारशी होतात, मुंजी होतात, कुणाला एखादा फोटो मोठा करून हवा असतो. जी बांधणी सोडवता येते, तिच्यात फोटो फाडायची वेळच येत नाही.

बाइंडरकडे जाल तेव्हा या गोष्टी सांगायला विसरू नका :

कागद जाड आणि ‘ॲसिड-फ्री’ मागा. साधा कागद पिवळा पडतो आणि फोटोलाही बाधतो. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. एका बाजूनं तो सहज वळतो. ती वळणारी घडी कण्याला समांतर यायला हवी, म्हणजे पान नीट उलटतं.

प्रत्येक दोन पानांच्या मधे कण्याशी कागदाची अरुंद पट्टी घालायला सांगा. फोटो लावले की अल्बम पुढच्या बाजूनं फुगतो आणि सुसरीनं जबडा वासावा तसा दिसतो. फोटोंची जेवढी जाडी, तेवढीच पट्ट्यांनी कण्याला दिली की तो मिटून सपाट बसतो. शिवलेल्या अल्बमलाही हे लागू आहे.

बाइंडर खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. ती खळ पुठ्ठ्याच्या कव्हरापुरतीच ठेवा, फोटोला लावू नका. फोटो कॉर्नरमध्येच बसवा. प्लॅस्टिकचे खिसे हवे असतील तर पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. पीव्हीसीचे, नव्या रेनकोटासारखा वास मारणारे, नकोत.

आता माझी चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून एक सांगते. चिकट अल्बममधले फोटो काढण्याआधी वरचं प्लॅस्टिक उचलून, दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. मग दात साफ करायचा बिनमेणाचा फ्लॉस कोपऱ्यातून फोटोमागे सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे न्या. पाणी लावू नका, इस्त्री तर मुळीच नको. नाहीच सुटला तर ओढू नका. मागच्या बाजूला दुसरा फोटो नाही ना, हे पाहून पानाचा तेवढा तुकडाच कापून घ्या.

अल्बम तयार झाला की बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. आमच्या साताऱ्याच्या पावसात तर अशा भिंतीला ओल येतेच. आतल्या कपाटात, मधल्या कप्प्यात ठेवा आणि पावसाळा संपला की एक दिवस सावलीत उघडून वारा द्या. थेट उन्हात मात्र नको.

अण्णांच्या फोटोचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. गावातल्या फोटोग्राफरनं तो पापुद्रा जागेवर बसवून फोटो स्कॅन केला आणि कॉम्प्युटरवर ओरखडा बुजवला. भिंतीवर आता तो मोठा फोटो आहे. पण नव्या अल्बमच्या पहिल्या पानावर आईनं फाटलेलाच लावायला सांगितला. “तो यांच्या हातातला आहे,” एवढंच म्हणाली. आणि बाइंडरकाकांनी विचारलं, “बाई, पानं मोजकी घालू का?” तेव्हा माझ्याआधी तीच बोलली, “मागे दहा कोरी असू द्या.”