ड्रेसिंगच्या वेळी बर्फाच्या दरीत

भाजलेल्या रुग्णाचे खरे हाल ड्रेसिंगच्या वेळी होतात. चिकटलेली पट्टी सोडवायची, मेलेली कातडी काढायची, जखम धुऊन पुन्हा पट्टी बांधायची. आणि हे आठवडेच्या आठवडे. नुसतं पडून असताना मॉर्फिनसारख्या औषधांनी दुखणं आवरतं. जखमेला हात लागला की तीच औषधं अपुरी पडतात, आणि डोस वाढवण्यालाही मर्यादा असते.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू बर्न सेंटरमध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पॅटरसन याच वेदनेवर काम करत होते. त्याच शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आभासी वास्तवाच्या, म्हणजे व्हीआरच्या मदतीने लोकांची कोळ्यांची भीती घालवत होते. १९९६ मध्ये दोघे एकत्र आले. पहिल्या दोन किशोरवयीन रुग्णांना हाताशी होतं तेच जग दाखवलं : कोळी असलेलं स्वयंपाकघर! तुलनेसाठी साधा व्हिडिओ गेमही दिला. डोळ्यांवर चढवलेल्या व्हीआर हेडसेटमध्ये असताना दुखणं कितीतरी कमी जाणवलं, असं दोघांनीही सांगितलं.

मग खास भाजलेल्यांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ तयार झालं. रुग्ण बर्फाळ दरीतून तरंगत जातो आणि पेंग्विन, हिममानव, मॅमथ यांच्यावर बर्फाचे गोळे फेकतो. मान वळवली की दरीही त्याच हिशेबाने वळते, म्हणून मेंदूला आपण तिथेच आहोत असं वाटतं. वेदना जाणवायलाही लक्ष लागतं, आणि माणसाचं लक्ष मर्यादित असतं. ते दरीत गुंतलं की जखमेच्या वाट्याला थोडंच उरतं.

ही केवळ मनाची समजूत नव्हे. २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला सोसवेल इतका चटका देऊन एमआरआय यंत्रात त्यांचा मेंदू तपासला गेला. चुंबकाजवळ नेहमीचा हेडसेट चालत नाही, म्हणून ऑप्टिकल फायबरचे खास गॉगल बनवले. व्हीआर सुरू असताना मेंदूच्या वेदनेशी निगडित पाच भागांतली क्रियाशीलता मंदावलेली दिसली.

चेहरा किंवा डोकं भाजलं असेल तर हेडसेट घालणार कसा? जखमी अमेरिकी सैनिकांसाठी यांत्रिक दांड्यावर गॉगल बसवून तो डोळ्यांसमोर, त्वचेला स्पर्श न होता धरण्यात आला.

व्हीआर पुढे भाजण्यापलीकडच्या दुखण्यांपर्यंतही पोहोचलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने जुनाट कंबरदुखीसाठी घरी वापरायच्या व्हीआर उपचाराला मान्यता दिली. त्यात लक्ष वळवण्यापेक्षा दुखणं हाताळायला शिकण्यावर भर आहे. रुग्णाचा श्वास हेडसेटच्या मायक्रोफोनपर्यंत पोहोचतो आणि त्याच्या आधारे रुग्ण संथ श्वसनाचा सराव करतो.